सोळा आण्यांची विहीर

नवे पैसे येऊन चाळीस वर्षं झाली, तरी वरवंडच्या आबांच्या विहिरीचं पाणी आण्यांतच मोजलं जाई. विहीर सोळा आण्यांची, आणि एक आणा म्हणजे पाण्याची एक पाळी. आज वाटणीला बसलेल्या तिघा मुलांनी पाच-पाच आणे घेतले आणि उरलेल्या एका आण्यावरून खोरी उचलली. परवा काल्याच्या कीर्तनात एकमेकांना काला भरवणारे हेच ते हात, आबांना बघवेना.

"आण्याच्या पै बारा, चार-चार घेऊ की," मधला म्हणाला.

"चार पैचं पाणी रानात पोचायच्या आधी दांडातच जिरतंय. आख्खा आणा मला पायजे!" धाकटा ओरडला. थोरल्यानं त्याची गचांडी धरली.

माहेरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला केंदूरहून आलेली सुलक्षणा रडकुंडीला आली. "आबा, काय तरी बोला! न्हाईतर आज मुडदा पडंल हितं."

आबा काठी टेकत उठले. "जुन्या माणसांनी रुपयाचे सोळा आणे उगं न्हाई केले. निम्मं करा, निम्म्याचं निम्मं करा, काय बी उरत न्हाई. तुमी तीन हिस्से केले, म्हणून आणा उरला."

"मग किती करायचे?" गचांडी न सोडताच थोरल्यानं विचारलं.

 

आबांनी लेकीच्या हातातला कागद घेतला आणि टराटरा फाडला. "चार."