धुक्यातली चकती

विक्रम मोडायला चार मिनिटं उरली होती आणि रेमी ब्रूसो देव पाण्यात घालून बसला होता. आजूबाजूचे लोक मधूनच त्याच्याकडे बघत आणि नजर वळवत. बिचाऱ्याचा विक्रम चालला, असं त्यांना वाटत होतं. सलग चारशे बारा मिनिटं एकही गोल न खाल्लेला गोलरक्षक म्हणून एकतीस वर्षं आइस हॉकीच्या त्या लीगमध्ये रेमीचंच नाव होतं. आता खाली बर्फावर एक तरणा गोलरक्षक ते पुसायला निघाला होता. पुसू दे, रेमी मनात म्हणत होता. एकदाचं पुसू दे.

शेजारी ताइस्तो शेंगा सोलत होता. हा मूळचा फिनलंडकडचा. छत्तीस साली रेमीच्या विरुद्ध संघातून एक हंगाम पैशांवर हॉकी खेळला, मग याच गावात निकेलच्या खाणीत लागला. दोघांच्या घरांमध्ये एकच कुंपण.

त्या छत्तीसच्या मार्चात अवेळी ऊब आली होती. पत्र्याच्या छपराखाली बर्फावरून धुकं उठलं. आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि मग माणसं दिसेनाशीच झाली, नुसते आवाज उरले. बुटांखालच्या पात्यांची खरखर कुठून यायची, कुठे विरायची, कळत नव्हतं. आपण झोपेत खेळतोय असं रेमीला वाटत होतं. त्या पांढऱ्यातून अचानक ताइस्तो निघाला. त्यानं मारलेली रबरी चकती, म्हणजे त्या खेळातला चेंडूच, रेमीच्या खांद्यावरून जाळ्यात गेली, आतल्या दांडीवर आपटली, तशीच बाहेर आली आणि त्याच्या हातमोज्याखाली निपचित पडली. पंच धुक्यातून आले, पलीकडे कुणाशी तरी दोन शब्द बोलले आणि हात आडवे करून म्हणाले, गोल नाही. रेमीला कुणी विचारलं नाही. तोही बोलला नाही.

पुढच्या सामन्यात विक्रम झाला आणि तीन दिवसांनी पेपरात त्याचा फोटो आला. हंगाम संपल्यावर यादी छापून आली, तिच्यात ताइस्तोच्या नावापुढे शून्य गोल. त्यानंतर ताइस्तो कुंपणापलीकडून हात करायचा तेव्हा दर वेळी रेमीला ते शून्य दिसायचं. सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं, आणि शंभरदा त्यानं हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

कर्ण्यावरून घोषणा झाली. चारशे तेरा. सगळं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं. ताइस्तोनं हळूच रेमीच्या पाठीवर हात ठेवला.

रेमी बसूनच होता. समोर बघत तो म्हणाला, "ताइस्तो, तुझी ती धुक्यातली चकती आत गेली होती."

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. त्या ओसरल्यावर ताइस्तोनं आणखी एक शेंग सोलली.

"माहितीये की मला," तो म्हणाला. "जाळं हललेलं दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"पाच गोलांनी हरतच होतो रे आम्ही. आणि तू पाच सामने कुणाला दाद दिली नव्हतीस. ते आपल्या हातून मोडायला नको वाटलं. पंचांनी मलाच विचारलं, मी म्हटलं, नाही गेली."