सणाचा तांबडा कोंबडा

दयाने शेवटची कोंबडी पकडून डालग्यात टाकली, वर गोणपाट बांधलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की अंगण एकदम मुकं झालंय. मुलं पुण्याला, नवरा मातीआड. सकाळी उठून शिव्या घालायला तिला या कोंबड्याच तेवढ्या उरल्या होत्या. आता त्याही सिल्व्हियाच्या घरी निघाल्या होत्या.

कारण सिल्व्हियाच्या सगळ्या कोंबड्या मेल्या होत्या, आणि त्या आपणच मारल्या, असं दयाला पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं. कापणीच्या सणाला वस्तीतला जो तो चर्चमध्ये आपल्या घरचं काहीतरी वाहतो. कुणी बाजरी, कुणी भोपळा, कुणी कोंबडा. उपासना संपली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. दयाने उन्हाळ्यातच पाळकसाहेबांना भर सभेत सांगून ठेवलं होतं, यंदा माझा तांबडा कोंबडा. आणि नेमका सणाच्या आदल्या दिवशी हा पठ्ठ्या शिंकायला लागला. मान झटकायचा, नाकातून फुसफुस करायचा. दयाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शब्द देऊन रिकाम्या हाताने जायचं म्हणजे चारचौघींत नाक कापून घ्यायचं. शिवाय सणाचा कोंबडा घेणारा त्याच दिवशी तो पातेल्यात घालतो, ही कायमची रीत. शिजल्यावर कसली आलीय सर्दी? स्वतःची समजूत घालण्यात दया तशी तरबेज होती.

पण लिलावात बोली चढत गेली आणि कोंबडा सिल्व्हियाने घेतला. "ह्यो कापायचा न्हाई. असला देखना कोंबडा पैदाशीलाच ठिवायचा," असं सगळ्यांदेखत म्हणत ती त्याला काखेत मारून फाटकाकडे गेली. दयाच्या ओठांवर शब्द आले होते. तिने ते चहाबरोबर गिळले.

सिल्व्हियाचं घर अंड्यांवर चालायचं. गावोगाव फिरणारा अंड्यांचा टेम्पो थेट तिच्या दारापर्यंत यायचा. सणानंतर थोड्याच दिवसांत तिच्या खुराड्यात मानमोडी शिरली. आधी शिंका, मग चोची उघड्या टाकून घरघर, मग वाकड्या झालेल्या माना. शेवटी तिने खड्डा खणून, वर चुना टाकून सगळ्या पुरल्या. वस्तीतल्या बायका तिला भेटून आल्या. दया गेली नाही. सिल्व्हिया समोरून येताना दिसली की ती वाट बदलायची. प्रार्थनेला डोळे मिटले की तांबडा तुरा दिसायचा. तिला स्वतःची किळस यायला लागली होती.

नवल म्हणजे तिच्या स्वतःच्या कोंबड्यांना काहीच झालं नाही. दोघी-तिघी जरा मलूल झाल्या, अंडी कमी पडली, बस. दया रोज त्यांच्या माना बघत राहिली. माना सरळच. मग तिला वाटलं, यांना दुखणं हलकंच आलं असणार आणि येऊन गेलं असणार. सासू सांगायची, मानमोडीतून एकदा उठलेलं पाखरू पुन्हा त्या रोगाने मरत नाही. म्हणजे सिल्व्हियाच्या अंगणात आता या कोंबड्याच तगतील. मग देऊन टाकाव्यात, सगळ्याच.

सिल्व्हिया दारात ज्वारी पाखडत होती. डालगं बघून ती उठली.

"मावशी? लई दिसांनी आलात. आन ह्ये काय?"

"कोंबड्या. आजपास्नं तुझ्या."

"अवं, समद्या? त्यांच्याबिगर तुमाला करमंल का? आन डॉक्टर म्हनालेत, खुराडं दोन म्हैने रिकामंच ठिवा. रोग आत बसून ऱ्हातो. नवं पाखरू घातलं की ग्येलंच समजायचं."

"ह्या न्हाई जायच्या," दया म्हणाली. सिल्व्हिया नको नको म्हणत पुढे येईपर्यंत तिने खुराड्याचं दार उघडून डालगं आत उपडं केलंसुद्धा. कोंबड्या क्षणभर बावरल्या. मग फटींत अडकलेले जुने दाणे टिपू लागल्या, कोपऱ्यातल्या भांड्यात चोची बुडवू लागल्या.

"येड लागलं का मावशी तुमाला!" सिल्व्हिया ओरडलीच. "आता भाईर काढूनबी उपेग न्हाई. तोंड घातलं त्यांनी."

"बस. सांगते." दयाने रिकामं डालगं बाजूला ठेवलं. "ह्यांना त्ये दुखनं यिऊन ग्येलंय. माझ्याच घरातनं आलं त्ये तुझ्याकडं. सणाचा तांबडा कोंबडा आदल्या दिशी शिंकत हुता. मला दिसलं हुतं. तरी मी त्यो वाहिला, आन तू त्यो घरी आनलास. तुझ्या कोंबड्या मी मारल्या गं. लाजंनं तोंड दावलं न्हाई. माफ कर मला."

बोलून झालं आणि दयाला किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला. आता सिल्व्हियाने शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, अंगावर धावून आली असती तरी. पण सिल्व्हिया यातलं काहीच करेना. ती खुराड्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत चालला होता.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "त्यो कोंबडा मी घरी आनलाच न्हाई. माझ्या भावासाठी घेतल्ता. अब्राहामदादा चर्चच्या फाटकातनंच त्याला मिरजगावला घिऊन गेला. माझ्या कोंबड्यांचं ऐकून कालच त्याचा फोन आल्ता, कोंबडा लई खमक्या निघाला, आल्यापास्नं एकदाबी शिंकला न्हाई म्हून."