घराण्याचं बेट

"ऊठ त्या खुर्चीवरून!" संचालकांच्या बैठकीत दादा सगळ्यांदेखत ओरडला. बंदर परक्यांना विकायला विश्रामने, त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाने, विरोध केला होता. पहारेकऱ्यांनी विश्रामला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्या चिमुकल्या बेटावरचं सिमेंट, साखर, बँक, विमानं, सारं त्यांच्याच घराण्याचं होतं. हॉटेलचा मॅनेजर विश्रामला हात जोडून म्हणाला, "साहेब, वरून फोन आलाय. खोली देता येत नाही." विमानाचं तिकीटही मिळेना.

शेवटी तो साखर कारखान्याच्या फाटकापाशी गेला. तिथल्या संपकऱ्यांवर मागे त्यानेच लाठीमार करवला होता. त्यांची पुढारी रुक्मावती हाताला प्लॅस्टर घालून बसली होती.

"मला तुमच्यात घ्या. दादाविरुद्ध उभा राहीन."

"तुम्ही भाऊभाऊ उद्या एक व्हाल," ती म्हणाली. "मार आम्ही खायचा."

"शपथ घेतो," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"बंदराला हो म्हण," दादाचा आवाज होता. "लगेच गाडी पाठवतो."

विश्रामने रुक्मावतीकडे पाठ केली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कारखान्याच्या फाटकावर पाठव."