मनावर घेतलं की सुटते

मालनबाईंच्या हातातली कपबशी खडखडली तसा सुहास आरशासमोरून ओरडला, "आई, आज तरी पिऊ नकोस! मुलगी बघायला चाललोय मी. त्यांना काय सांगू, आई बेवडी आहे?"

वर्षापूर्वी दारू पिऊन टेम्पो ठोकला म्हणून सुहास जेलमध्ये जाणार होता. दारूची तल्लफ गेली तरच जेल टळेल, पण ती मारता येत नाही, फक्त दुसऱ्याच्या डोक्यात हलवता येते, असं कोर्टातल्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा ती आपल्या डोक्यात घ्यायला त्याच्या शेजारच्या खुर्चीत मालनबाईच जाऊन बसल्या. सुहास त्यांच्या पाया पडून रडला होता.

"घोटभर तरी आणून दे रे," त्या आता कळवळून म्हणाल्या.

"मनावर घेतलं की सुटते गं. माझी नाही सुटली?" सुहासनं भांग नीट केला आणि जाताना दाराला बाहेरून कुलूप घातलं.