खडकाची जागा

उगाळलेली शाई. इस्त्रीचा सदरा. संग्रहालयातला यांत्रिक हात. वसंतात गेलेली आई. आईची चित्रं दाखवून त्या हाताला शिकवलं होतं. आज तो सूचौ शहरात सर्वांसमोर तिची ऑर्किडं काढणार होता. बाबा आपला कुंचला घेऊन आले. आमच्याकडे रीतच होती: प्रत्येक चित्रात फुलं आईची, खडक बाबांचा. यंत्राने फुलं काढली, हुबेहूब आईसारखी, आणि न थांबता खडकही काढला. टाळ्या पडल्या. बाबा ओला कुंचला धरून उभेच. “अगं यावेन, मी कुठे काढू?” त्यांनी मला विचारलं. “झालं की, गुरुजी!” तंत्रज्ञ मुलगी हसली. “आता फक्त नावाचा शिक्का मारा.” “कुणाचा?” “तुमच्या पत्नीचा.” “खडक तर माझा आहे.” “मग तुमचा मारा.” “फुलं तिची आहेत, पोरी.” “दोन्ही मारा ना, बाबा,” मी म्हटलं. “मारतो. पण मी काय काढलं?” आईने आयुष्यात एकही खडक काढला नव्हता.