घरी वाचा

काचपट्टीवरच्या कांद्याच्या पापुद्र्याखाली हवेचा एक बुडबुडा अडकला होता. काठ काळा, मध्य लख्ख. वरची पातळ काच ठेवताना हात हलला की असा बुडबुडा राहतो, हे विज्ञानाच्या बाई दरवर्षी मुलांना सांगत. आजची पट्टी त्यांनी स्वतः केली होती. सकाळपासून एकही धड जमली नव्हती.

"अगं, चल." मुख्याध्यापिकेनं प्रयोगशाळेचं दार मागं लावून घेतलं. चारचौघांत ती मॅडम; दार लागलं की थोरली बहीण. "संस्थेचे चिटणीस स्वतः येऊन बसलेत वर्गात."

"एकटेच?"

"ते दोघं फाटकाशी आहेत. मोटरसायकलवाले."

काल त्याच दोघांनी बाईंच्या लेकीला अगदी गोड आवाजात विचारलं होतं, बाळ, घरी कुठल्या रस्त्यानं जातेस?

उत्क्रांतीचा धडा या शाळेत कुणी शिकवतच नसे. तो मागं मागं ढकलायचा आणि परीक्षा तोंडावर आली की फळ्यावर लिहायचं, 'घरी वाचा'. आधीच्या सरांनी तेच केलं, बाईंनीही तेच केलं. साप मरत नव्हता, पण काठीही तुटत नव्हती. यंदा संस्थेनंच फर्मावलं: धडा शिकवा, पण आधी देवानं सृष्टी कशी घडवली ते सांगा. विज्ञानाच्याच तासाला, बाईंच्याच तोंडून. तेव्हापासून बाई आज-उद्या करत होत्या. हृदय शिकवलं, मूत्रपिंड शिकवलं, पुन्हा हृदय काढलं. शेवटी मुलंच म्हणाली, "बाई, हृदय आता पाठ झालं हो!"

"दोन्ही सांगायचं आणि मोकळं व्हायचं," ताई म्हणाली. "तुझं काय जातंय?"

"मुलं पुरावा विचारतील, ताई. मीच लावलीय ती सवय."

"मग लावायची नव्हतीस!" ताई हसायला गेली, पण हसू ओठांतच राहिलं.

"तुला तरी पटतं का हे?"

"मला माझी खुर्ची पटते. आणि तुझी लेक सुखरूप घरी आलेली पटते. चल."

चिटणीस शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसले होते. "चालू द्या, बाई. मी इथं नाहीच असं समजा."

खिडकीतून फाटक दिसत होतं. दोघांतला एक मोटरसायकलचा आरसा पुसत होता, सावकाश. बाईंनी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं. अक्षरं खाली घसरत गेली.

"आधी ते, बाई," चिटणीस हळूच म्हणाले. "मग हे."

ती गोष्ट बाईंना तोंडपाठ होती. निजताना लेकीला त्याच सांगत. आधी काळोख, मग उजेड, मग पाणी, आणि पाण्याशी आलं की लेक अर्धवट झोपेत पुटपुटायची, "आता मासे." पहिलं वाक्य जिभेवर आपसूक आलंही. दारात उभी असलेली ताई मान हलवून खुणावत होती, बोल, बोल.

पहिल्या बाकावरची मुलगी पेन उघडून वाट पाहत होती. बाई बोलतील ते ती विज्ञानाच्या वहीत उतरवणार होती, जसंच्या तसं.

बाईंनी खडू खाली ठेवला.

"ती गोष्ट मी माझ्या लेकीला सांगते," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला, पण थांबला नाही. "रोज. घरी. या तासाला नाही सांगणार. पुस्तकं उघडा. हा धडा आपण इथं वाचायचाय."