डाळीचा आलेख

कुकरची सातवी शिट्टी झाली आणि वाफ जिरल्यावर मयुरीनं झाकण काढलं. तुरीची डाळ दाण्याला दाणा उभी! तिनं कपाळावर हात मारला.

"काऊन वं, आजही तेच?" सासूबाई, सिंधूताई, ओसरीवरूनच म्हणाल्या. "मायनं साधं वरणही शिकवलं नाही का तुले? येऊ दे रविवारी विहीणबाईले, तोंडावरच इचारतो."

आईचं नाव निघालं आणि मयुरी पेटलीच. स्वतःला बोललेलं तिनं तीन महिने हसण्यावारी नेलं होतं. पण माहेरी, उंद्रीला, जिच्या हातच्या वरणासाठी अख्खी गल्ली जमायची, तिला घरी बोलावून अपमान? मुळीच नाही! बरं, इथं सासरी संग्रामपुरात डाळ शिजतच नाही म्हणावं, तर सिंधूताईंची कशी लोण्यासारखी व्हायची. तेच तर कळत नव्हतं.

मयुरी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिनं एकच डाळ दोन पाण्यांत शिजवली. एक घरच्या बोअरच्या, दुसरी उंद्रीहून मागवलेल्या विहिरीच्या. दोन्हींतल्या पेशीभित्तिका, म्हणजे पेशींच्या भिंती, वेगळ्या काढून वाळवल्या, भुकटी केली आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रात ठेवली. अवरक्त (इन्फ्रारेड) किरण आरपार गेले, पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एका जागी दोघी साफ वेगळ्या! मयुरी एकटीच टाळ्या पिटत हसली.

शनिवारी तिनं तो कागद सासूबाईंपुढे ठेवला.

"आई, डाळीच्या पेशींच्या भिंतीत पेक्टिन असते, डिंकासारखं. ते विरघळलं की डाळ शिजते. आपल्या बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम त्याले धरून बसते, मग भिंत आणखीच पक्की होते. हे पाहा, इथं दिसते."

"म्हणजे दोष पाण्याचा? बाईचा नाही?"

"नाही."

सिंधूताईंनी कागद जवळ ओढला आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"मी मेहकरची. लग्न होऊन आली तव्हा माही डाळ बी शिजे नाही. सासूनं दहा वर्षं माह्या मायचा उद्धार केला. मंग मी लपून डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकाले लागली. कोणाले सांगितलं नाही, तुले बी नाही. चुकलीच मी, पोरी."

डोळे पुसता पुसता त्यांना हसूच फुटलं.

"याची अजून एक कापी आण. माह्या सासूच्या फोटोखाली लावतो. वाचत बसू दे बुढीले!"